सनद वाचवणारी वकिली

डॉक्टरवर निष्काळजीपणाचा आरोप झाला की आपल्या डोळ्यांसमोर दोन जागा येतात, पोलीस ठाणं आणि ग्राहक आयोग. तिसरी जागा फार थोड्यांना माहीत असते. मुंबईत चिंचपोकळीला, साने गुरुजी मार्गावर, आर्थर रोड नाक्याजवळच्या आनंद कॉम्प्लेक्समध्ये महाराष्ट्र वैद्यक परिषदेचं कार्यालय आहे. इथे कोणाला तुरुंगवास होत नाही की कोणाला भरपाईही मिळत नाही. परिषदेच्या हातात फक्त एक नोंदवही आहे आणि तिच्यात नाव ठेवायचं, काही काळ खोडायचं की कायमचं काढून टाकायचं, एवढंच तिला ठरवता येतं. पण ज्याचं नाव त्या वहीत आहे, त्याला विचारा. भरपाई विमा कंपनी भरते, फौजदारी खटला वर्षानुवर्षं चालतो; नोंदणी गेली तर दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडीचं दार उघडता येत नाही.

वकिलांसाठी अशीच वही महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे असते आणि चार्टर्ड अकाउंटंटसाठी त्यांच्या राष्ट्रीय इन्स्टिट्यूटकडे. परिचारिका, औषधविक्रेते, वास्तुविशारद, कंपनी सेक्रेटरी, सगळ्यांची आपापली परिषद आहे. या परिषदांपुढे उभं राहून व्यावसायिकांचा बचाव करणं हेही वकिलीचं एक क्षेत्र आहे आणि नव्याने सनद घेतलेल्या पोरांच्या यादीत ते सहसा नसतं. फौजदारी, दिवाणी, कॉर्पोरेट, कर, हल्ली सायबर, ही यादी सगळ्यांना पाठ. 'शिस्तभंगाची कामं करतो' असं सांगणारा वकील मात्र विरळा. ब्रिटनमध्ये याच कामावर पूर्णवेळ जगणारे वकील आहेत. तिथे मेडिकल डिफेन्स युनियन ही डॉक्टरांची संस्था १८८५ पासून सभासदांच्या पाठीशी उभी राहते. आपल्याकडे हे काम ग्राहक तक्रारी, सेवाविषयक खटले आणि उच्च न्यायालयातल्या रिट याचिका यांच्या जोडीने करावं लागतं. माझ्या मते ते बरंच आहे, कारण या कामाला या तिन्ही खिडक्यांमधून पाहता यावं लागतं.

गंमत अशी की या क्षेत्राचं क्रमिक पुस्तक प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात एकदा येऊन गेलेलं असतं. एलएलबीला व्यावसायिक नीतिमत्तेचा पेपर सक्तीचा आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या अभ्यासक्रमात त्यासाठी शिस्तभंग समित्यांचे पन्नास निवडक निर्णय आणि सर्वोच्च न्यायालयाचे दहा निवाडे वाचायला सांगितलेले आहेत. विद्यार्थी ते गाइडमधून उरकतात आणि तोंडी परीक्षेत चार ओळी म्हणून मोकळे होतात. ज्याला या वाटेने जायचं आहे त्याने तोच पेपर सनद मिळाल्यावर पुन्हा उघडावा, आणि गाइड बाजूला ठेवून मूळ निवाडे वाचावेत. त्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या वेशात येत राहतो. चूक कुठे संपते आणि गैरवर्तन कुठे सुरू होतं?

या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर पुण्याच्या कलेक्टर कचेरीतून आलेलं आहे. तिथल्या उपविभागीय दंडाधिकाऱ्यांच्या दोन न्यायालयांत काम करणाऱ्या बारा वकिलांनी आपल्याच दोन सहकाऱ्यांविरुद्ध बार कौन्सिलकडे तक्रार केली. अशिलांना अयोग्य सल्ला दिल्याचा आरोप त्यात होता. शिस्तभंग समितीने दोषी धरलं, सनद काही महिन्यांसाठी निलंबित झाली आणि त्यांपैकी एकाचं अपील सर्वोच्च न्यायालयात पोचलं. पांडुरंग दत्तात्रय खांडेकर विरुद्ध बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र या निवाड्यात न्यायालयाने अपील मान्य केलं आणि एक भेद स्वच्छ मांडला. चुकीचा सल्ला देणं वेगळं आणि गैर सल्ला देणं वेगळं. कायदा नीट न कळल्यामुळे वकील चुकला तर तो कच्चा वकील ठरेल, पण गैरवर्तनाचा दोष त्याला लागणार नाही. त्यासाठी चुकीच्या जोडीला नियतीतली खोट लागते. १९६३ मध्ये 'पी' या एकाच अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या वकिलाच्या प्रकरणात न्यायालयाने हेच सूत्र मांडलं होतं. त्याआधी १९५४ मध्ये मुंबईचं एक प्रकरण 'जी' या नावाने छापलं गेलं. खटल्यात जे वसूल होईल त्यातला निम्मा वाटा फी म्हणून घेण्याचा करार त्या वकिलाने अशिलाशी केला होता. नावाऐवजी अक्षर छापण्याची ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. आज तक्रारीची नोटीस हातात पडायच्या आधी तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो.

खांडेकर निवाडा वाचून नवशिक्या वकिलाला वाटतं, सगळ्या कुलपांची किल्ली सापडली. इथेच तो फसतो. तोच युक्तिवाद चार्टर्ड अकाउंटंटसाठी करून पाहा. त्यांच्या १९४९ च्या कायद्याला दोन परिशिष्टं आहेत. दुसऱ्या परिशिष्टात योग्य ती दक्षता न घेणं किंवा कामात घोर निष्काळजीपणा करणं हेच गैरवर्तन म्हणून लिहिलेलं आहे. तिथे नियत स्वच्छ होती हे सांगून भागत नाही. लेखापरीक्षणाच्या मानकांनुसार काय तपासायला हवं होतं आणि तुमच्या अशिलाच्या कामाच्या कागदांत त्याची खूण कुठे आहे, हे दाखवावं लागतं. डॉक्टरांचं आणखी निराळं. २००२ च्या आचारसंहितेत कितीतरी कलमांचा उपचार चुकण्याशी संबंधच नाही. आंतररुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपणं आणि मागितल्यावर ७२ तासांत देणं बंधनकारक आहे. ते दिले नाहीत तर शस्त्रक्रिया कितीही निष्णात असो, गैरवर्तन ठरतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नव्या नियमांची अधिसूचना आली होती. तीन आठवड्यांच्या आत ती स्थगित झाली आणि जुनेच नियम पुन्हा लागू झाले. कुठले नियम आज चालू आहेत हे तपासल्याशिवाय खुलासा लिहायला बसू नये, हे यावरून कळावं.

हे झालं कायद्याचं. प्रत्यक्ष काम सुरू होतं ते नोटीस घेऊन घाबरलेला माणूस समोर बसतो तेव्हा. फौजदारी वकिलाच्या अशिलापेक्षा हा अशील वेगळा असतो. तो शिकलेला असतो, आपल्या विषयात वकिलापेक्षा कितीतरी जास्त जाणतो आणि त्याला मनापासून वाटत असतं की आपण सगळं नीट समजावून सांगितलं की प्रकरण मिटेल. म्हणून तो बहुधा खुलाशाचा मसुदा स्वतःच लिहून आणतो. असा मसुदा नमुन्यादाखल उघडून बघू. पहिला परिच्छेद: गेली बावीस वर्षं मी निष्ठेने रुग्णसेवा करतो आहे. दुसरा: तक्रारदाराने बिल बुडवण्यासाठी हा बनाव रचला आहे. तिसरा: भूलतज्ज्ञ उशिरा आले, त्याला मी काय करणार? चौथा: तरीही माणुसकीच्या नात्याने मी बिलात सूट दिली.

यातला पहिला परिच्छेद निरुपयोगी आहे आणि बाकीचे तीन घातक. ज्याच्या घरातलं माणूस गेलं आहे त्याला बिलबुडव्या म्हटलं की समितीचे सदस्य, जे स्वतः डॉक्टर असतात, मनातून दूर जातात. भूलतज्ज्ञावर ढकललं की उद्या त्याचा खुलासा तुमच्याविरुद्धचा पुरावा म्हणून येतो. बिलातली सूट तर तक्रारदाराचा वकील कबुलीजबाब म्हणून वाचून दाखवेल. खुलाशात काय लिहायचं याहून काय लिहायचं नाही हे ठरवणं, हे या क्षेत्रातलं पहिलं कौशल्य आहे, आणि ते कुठल्याही विधी महाविद्यालयात शिकवत नाहीत. अशिलाच्या हातातलं पेन अलगद काढून घ्यावं लागतं. तेही त्याचा अपमान होऊ न देता, कारण त्या आठवड्यात त्याचा पुरेसा अपमान झालेला असतो.

मग कागद. कल्पित उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावातलं प्रसूतिगृह, बाळंतपणानंतर रक्तस्राव, जिल्ह्याच्या ठिकाणी हलवताना बाई दगावली. केसपेपरवर डॉक्टरांची नोंद आहे की रात्री ११.३० ला मी रुग्णाला तपासलं. त्याच फाइलच्या मागच्या बाजूला नर्सच्या नोंदींत लिहिलंय, ११.५० ला डॉक्टरांना फोन केला. वीस मिनिटांची ही फट तक्रारदाराच्या लक्षात येण्याआधी वकिलाच्या लक्षात यायला हवी. भिंतीवरच्या घड्याळात आणि मोबाइलमध्ये फरक होता का? नोंद नंतर एकदम लिहिली का? रक्तपेढीच्या मागणीच्या चिठ्ठीवर कोणती वेळ आहे? रुग्णवाहिकेच्या लॉगबुकात काय आहे? असा एकेक कागद वेळेनुसार मांडत तारीखवार, मिनिटवार टिपण करायचं. अशा दोन पानांच्या टिपणाने जे साधतं ते वीस पानांच्या कैफियतीने साधत नाही. वैद्यकशास्त्र शिकायला वकिलाने एमबीबीएस करायला नको, पण नर्सचं अक्षर, औषधांची संक्षिप्त रूपं आणि भूल दिल्याचा तक्ता वाचायची सवय करावी लागते. लेखापरीक्षकाच्या प्रकरणात हीच सवय वर्किंग पेपर्स वाचण्याची.

आणि मग तो क्षण येतो ज्याची तयारी आधीपासून करून ठेवावी. अशील दार लावून घेतो आणि हळूच सांगतो, "वकीलसाहेब, ती ११.३० ची नोंद मी दुसऱ्या दिवशी टाकली."

आता काय? ही गोष्ट वकिलाला बाहेर सांगता येत नाही. अशील आणि वकील यांच्यातला संवाद गोपनीय आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात हे संरक्षण कलम १३२ मध्ये आहे, आधी ते जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होतं. पण ती नोंद खरी आहे असं माहीत असल्यासारखं समितीपुढे मांडणंही वकिलाला चालत नाही. तसं केलं तर डॉक्टरची नोंदणी वाचवायला गेलेल्या वकिलाची सनद धोक्यात. मधली वाट अशी की त्या नोंदीचा आधारच घ्यायचा नाही. रक्तपेढीची चिठ्ठी, रुग्णवाहिकेचा लॉग, भूलतज्ज्ञाचं टिपण यांवर जे उभं राहतं तेवढंच मांडायचं. अशिलाला स्पष्ट बजावायचं की यापुढे फाइलला हात लावायचा नाही, मूळ फाइलची सही-शिक्क्यानिशी प्रत आजच काढून ठेवायची. आणि समितीने थेट विचारलं तर खोटं बोलायचं नाही. काही अशील हे ऐकून दुसऱ्या वकिलाकडे जातात. जाऊ द्यावेत. फाइलही परत द्यावी, फी थकली असली तरी. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात ठरवून टाकलं आहे की थकलेल्या फीपोटी वकिलाला अशिलाचे कागद अडवता येत नाहीत. त्यात एका सहकारी बँकेच्या फाइली वकिलाने ९७ हजारांहून जास्त थकबाकीसाठी रोखल्या होत्या. बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्यांना १८ महिने मनाई आणि दंड केला होता. न्यायालयाने तत्त्व वकिलाविरुद्ध ठरवलं, शिक्षा मात्र नुसत्या ताकिदीवर आणली, कारण त्या काळी बऱ्याच वकिलांना असं करता येतं असं प्रामाणिकपणे वाटत होतं.

दुसरा सापळा रुग्णालयाचा. नोटीस रुग्णालय, सर्जन आणि भूलतज्ज्ञ अशा तिघांना येते. रुग्णालयाचा व्यवस्थापक फोन करतो, "तिघांचंही तुम्हीच बघा, फी आम्ही देऊ." नव्या वकिलाला हे मोठं काम वाटतं. पण सर्जनचा बचाव जर 'उपकरण बंद होतं' असा असेल तर तो रुग्णालयाविरुद्ध जातो, आणि ज्याच्याकडून फी येते त्याच्याविरुद्ध लिहायला हात धजावत नाही. पहिल्या भेटीतच तिघांना वेगवेगळं बसवून ऐकावं. सूर जुळत नसतील तर एकाचंच वकीलपत्र घ्यावं.

मुदतींबद्दल थोडक्यात, पण विसरू नये असं. चार्टर्ड अकाउंटंटच्या २००७ च्या नियमांप्रमाणे लेखी म्हणणं २१ दिवसांत द्यायचं, मुदतवाढ जास्तीत जास्त आणखी ३० दिवसांची. ग्राहक आयोगात ३० अधिक १५, आणि मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की ४६ व्या दिवशी आयोगालाही ते स्वीकारता येत नाही. परिषदेपुढे तारखा पडत राहतात म्हणून गाफील राहिलेला वकील ग्राहक आयोगात कैफियतीविना उभा राहतो.

कारण एकच घटना चार ठिकाणी चालत असते. परिषद, ग्राहक आयोग, पोलीस आणि डॉक्टर सरकारी असेल तर खात्याची चौकशीही. १९९५ च्या व्ही. पी. शांता निवाड्यापासून डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आहेत. वकिलांना मात्र मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातून बाहेर ठेवलं, आणि डॉक्टर मंडळी ते अजून विसरलेली नाहीत. पोलिसांच्या बाबतीत २००५ च्या जेकब मॅथ्यू निवाड्याचा आधार आहे. फौजदारी जबाबदारीसाठी निष्काळजीपणा घोर हवा, तपास अधिकाऱ्याने आधी तज्ज्ञ डॉक्टरचं, शक्यतो सरकारी सेवेतल्या, मत घ्यावं आणि सरसकट अटक करू नये. या चार ठिकाणी लिहिलेलं एकेक वाक्य एकमेकांशी जुळावं लागतं. परिषदेकडे मनमोकळा खुलासा दिला आणि तोच पुढे फौजदारी खटल्यात समोर ठेवला गेला, असं घडू शकतं. म्हणून चारही फाइली एकाच टेबलावर ठेवून काम करायचं. सीनियरकडे त्यातली एकच फाइल असेल तरी ज्युनियरने बाकीच्या तीन मागवून वाचाव्यात. गर्भलिंगनिदानाच्या खटल्यांत तर हे साखळीसारखं आहे. १९९४ च्या कायद्यात तरतूद आहे की न्यायालयाने दोषारोप निश्चित केले की डॉक्टरची नोंदणी निलंबित करण्यासाठी ते परिषदेला कळवायचं. आणि शिक्षा झाली तर पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षं नाव बाहेर. दोषारोपाची तारीख ही फौजदारी वकिलाला एक तारीख वाटते, डॉक्टरला मात्र ती दवाखान्याच्या कुलपाची तारीख असते.

सुनावणीची खोली न्यायालयासारखी नसते. टेबलापलीकडे अशिलाच्याच व्यवसायातले ज्येष्ठ बसलेले असतात. बार कौन्सिलच्या समितीत तिघं जण असतात, तिघंही वकील. अशा लोकांपुढे सेशन्स कोर्टातली आरडाओरड करणारी उलटतपासणी उलटते. त्यांना ग्रंथातली पानं, मार्गदर्शक सूचना आणि नीट लावलेला घटनाक्रम दाखवला की ते स्वतःच प्रश्न विचारू लागतात, आणि त्यांच्या प्रश्नांतच बचाव दडलेला असतो. मात्र मवाळ सूर म्हणजे ढिलाई नव्हे. कार्यपद्धती मोडली तर हरकत तिथल्या तिथे लेखी नोंदवावी. ती नोंद पुढे उच्च न्यायालयात कामी येते. १९८६ चा एल. के. रत्ना निवाडा या बाबतीत पाठ असावा. चार्टर्ड अकाउंटंट इन्स्टिट्यूटच्या शिस्तभंग समितीने अहवाल दिला आणि परिषदेने सभासदाला न ऐकताच दोषी ठरवलं. वर, समितीत बसलेलेच परिषदेतही बसले होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दोषी ठरवण्याच्या टप्प्यावरच ऐकून घ्यायला हवं. पुढे अपील आहे म्हणून पहिला अन्याय भरून निघत नाही, कारण व्यावसायिकाच्या नावाला लागलेला डाग तोवर पसरलेला असतो. आज हे स्वयंसिद्ध वाटतं. पण कुणा वकिलाने कधीतरी उभं राहून हरकत घेतली म्हणूनच ते स्वयंसिद्ध झालं.

आरोपही नेमका हवा. १९८९ मध्ये 'अ‍ॅन अ‍ॅडव्होकेट' नावाने छापलेल्या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की ही कारवाई फौजदारीसदृश आहे, आरोप स्पष्ट लिहून द्यायला हवा आणि शंकेचा फायदा व्यावसायिकाला मिळायला हवा. शिवाय बार कौन्सिलला तक्रार आली म्हणून लगेच समितीकडे ढकलता येत नाही. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३५ प्रमाणे आधी 'विश्वास ठेवायला कारण' दिसावं लागतं. खटला हरलेले लोक कधी कधी समोरच्या वकिलाविरुद्धच तक्रार ठोकतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या अशाच तक्रारींबाबत कडक भूमिका घेतली. तक्रारदाराचा ज्याच्याशी अशील म्हणून संबंधच नव्हता, अशा वकिलाविरुद्ध कारवाई पुढे रेटणं न्यायालयाला मान्य झालं नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख व्यावसायिकांच्या संघटनेचं पत्रक होईल. बचाव करणाऱ्या वकिलाची तोंडओळख तक्रारदाराच्या वेदनेशी असलीच पाहिजे. वकिलांविरुद्धचं दाभोळकर प्रकरण वाचावं. मुंबईच्या एस्प्लनेड न्यायालयाच्या दारात काही वकील येणाऱ्या पक्षकारांवर अक्षरशः तुटून पडत, एकमेकांच्या हातातून केस ओढून घेत, फी पाडून बोलत. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं आणि बार कौन्सिललाच आपल्या सभासदाविरुद्ध अपिलात जाण्याचा हक्क आहे, असं सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९७५ मध्ये ठरवलं. म्हणजे परिषद ही सभासदांची संघटना नाही, लोकांच्या वतीने ठेवलेली राखणदार आहे. तिने निवाड्याला वर्षानुवर्षं लावली तर दोन्ही बाजू भरडतात. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये एका वर्षाची मुदत आहे आणि डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पाळायला बजावलंही. डॉक्टरांच्या २००२ च्या नियमांत सहा महिने आहेत. कागदावर.

कधी कधी मान्य करणं हाच उत्तम बचाव असतो. नोंदी ठेवल्या नाहीत, ७२ तासांत कागद दिले नाहीत, फलकावर नसलेली पदवी लिहिली, असे आरोप शाबीत होणारच असतात. तिथे लढण्यापेक्षा दोष मान्य करून, फलक उतरवून, नोंदींची नवी पद्धत बसवून, त्याचे पुरावे जोडून शिक्षेवर बोलावं. शिक्षेच्या टप्प्यावर किती जागा असते ते रंगदुराई प्रकरणाने दाखवलं. वृद्ध दांपत्याला फसवणाऱ्या वकिलाच्या निलंबनाचा काळ कमी करताना सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावर वर्षभर फुकट कायदेविषयक मदतीचं काम करण्याची अट घातली. मला व्यक्तिशः ती शिक्षा सौम्य वाटते. पण अशिलासाठी तशी मागणी करायला मी बिचकणार नाही.

आता पोटापाण्याचं. हे काम येतं कुठून? जाहिरात करता येत नाही. बार कौन्सिलचा नियम ३६ तुम्हाला संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनद क्रमांक, कामाचं क्षेत्र अशी ठरावीक माहितीच लिहू देतो. सनद घेतल्यावर दोन वर्षांत ऑल इंडिया बार एक्झाम पास व्हायची, ती होईपर्यंत आणि नंतरही काही वर्षं अशा सीनियरकडे बसायचं ज्याच्याकडे जिल्हा ग्राहक आयोगाची कामं आहेत. डॉक्टर तिथेच भेटतात. व्यावसायिक दायित्व विम्याच्या कंपन्या स्वतःच्या यादीतल्या वकिलांना कामं देतात. त्या यादीत नाव लागलं की कामाचा ओघ सुरू होतो, पण कंपनी भरपाई किती देईल ते बघते आणि डॉक्टरला नोंदणीची काळजी असते, हे दोन हिशेब वेगळे ठेवावे लागतात. तालुक्याच्या डॉक्टर संघटनेत संमतिपत्र कसं भरावं, केसपेपर कसा लिहावा यावर तासभर मराठीतून बोललात तर ती जाहिरात ठरत नाही आणि त्या सभागृहातला कोणीतरी पुढे नोटीस घेऊन येतो. २००८ च्या समीरा कोहली निवाड्यापासून संमतिपत्राला जे महत्त्व आलंय ते अजून निम्म्या दवाखान्यांत छापील कागदावर सही घेण्यापुरतंच पोचलं आहे, असं मला दिसतं.

फी सुरुवातीला फार नसते. ज्याची नोकरी किंवा दवाखाना अडकलाय त्याच्याकडून ती टप्प्याटप्प्याने, लेखी ठरवून घ्यावी: खुलासा, सुनावणी, अपील असे वेगळे आकडे. सरकारी सेवेतल्यांच्या खातेनिहाय चौकशीत वकिलाला आत शिरायला परवानगी मिळतेच असं नाही. पण खात्याने कायदा जाणणारा माणूस उभा केला असेल तर अशिलालाही वकील हवा, हे मुंबई बंदराच्या नाडकर्णी प्रकरणात आधीच ठरलं आहे. परवानगीचा अर्ज पहिल्याच तारखेला द्यावा.

आणि प्रकरण विरुद्ध गेलं तर ज्या दिवशी निकाल हातात पडेल त्याच दिवशी दोन कामं करायची. एक, अपिलाची मुदत कॅलेंडरवर लाल शाईने लिहायची. वकिलांसाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे ६० दिवस, तिथून सर्वोच्च न्यायालयात आणखी ६० दिवस. डॉक्टरांसाठी राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीती आणि नोंदणी मंडळाकडे ६० दिवस. अपिलासोबत स्थगितीचा अर्ज. दुसरं, स्थगिती मिळेपर्यंत अशिलाला काय करता येणार नाही याची यादी लिहून त्याच्या हातात द्यायची आणि पोचपावतीवर सही घ्यायची. दारावरची पाटी, प्रिस्क्रिप्शनचं पॅड, लेटरहेड, रबरी शिक्का, ऑनलाइन अपॉइंटमेंट, वकील असेल तर चालू कामांची वकीलपत्रं. निलंबनाच्या काळात लिहिलेली एक चिठ्ठी पुढची तक्रार ठरते, आणि ती तक्रार लढवायला कोणताही निवाडा मदतीला येत नाही.